इंद्रभानभाऊंचं धुतलेलं तूप

आमच्या गल्लीत बोअरमधली मोटर वर ओढायची असली, फुगून अडकलेलं दार उचकटायचं असलं किंवा गाडीवरून पोती उतरवायची असली, की पहिली हाक इंद्रभानभाऊंना जाते. वरवट बकालच्या शिवारात त्यांचं वांगी, मिरची आणि सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, शेत आहे. जन्मभर उन्हापावसात राबून हात असे झालेत की कौतुकानं पाठीवर थाप मारली तरी माणूस ठसकतो. तव्यावरची गरम भाकर ते नुसत्या हातानं उचलतात, आणि बाभळीचा काटा त्यांच्या तळहातात शिरायला गेला तर काटाच मोडतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय, ऐकीव नाही.

बघायला मला लांब जावं लागत नाही. त्यांचं अंगण आणि माझी ओसरी यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे, आणि ओसरीवर माझी शिलाई मशीन. लोक म्हणतात, जयमाला शेजारच्या घरात डोकावते. एवढ्याशा भिंतीवरून डोकावायचं काय कारण? मान वर केली की दिसतंच. आणि मान वर केल्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही, हे बोलणाऱ्यांना कुणी सांगावं!

दिवाळीनंतर भाऊंच्या घरी नात आली. सून पूनम बाळंतपणाला माहेरी, देऊळगाव राजाला गेली होती, ती निशिगंधाला घेऊन परतली. मान नुकती धरायला लागलेली, जावळ दाट, आणि रडायला लागली तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावं असा आवाज. मी आपणहून तिला गुलाबी सॅटिनचा फ्रॉक शिवला. सॅटिन फार नाठाळ कापड, मशीनखाली सरकतं, पण मी हट्टानं शिवला आणि गळ्याला बारीक झालर लावली. भाऊ त्या संध्याकाळी शेतातून आले, हातपाय धुतले आणि "आण इकडं माह्या मायले" म्हणत त्यांनी नातीला उचललं.

तळहातावरच्या भेगेत सॅटिनचा धागा अडकला. ते सोडवायला गेले तर धागा सर्रकन ओढला गेला आणि फ्रॉकवर पोटापासून पाठीपर्यंत चुणी पडली. घाबरून त्यांनी हात हलवला, तो निशीच्या गालाला घासला. गालावर लाल रेघ उमटली आणि पोरीनं टाहो फोडला. पूनम आतून धावत आली.

"बाबा, द्या इकडं. तुमचे हात लागतात तिला," ती म्हणाली.

रागानं नाही म्हणाली. घाईत होती, चुलीवर दूध होतं, पोर रडत होती. खरं सांगायचं तर त्या वेळी मला भाऊंपेक्षा फ्रॉकचंच जास्त वाईट वाटलं. पण त्या दिवसापासून या माणसानं नातीला हात लावला नाही. शेतातून यायचे, पाळण्यापाशी उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. तिच्याशी बोलायचे, गाईसारखं हंबरून दाखवायचे, मिशा हलवून दाखवायचे. ती खदखदून हसायची, हात पुढे करायची, आणि हे दोन पावलं मागे सरायचे. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण मी दोरा ओवत होते.

आता आमच्याकडच्या पाण्याबद्दल सांगितलं पाहिजे. हा सगळा खारपाण पट्टा. बोअरचं पाणी खारं, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो, आणि थंडीत पायावर नखानं रेघ ओढली तर पाटीवर लिहिल्यासारखी उमटते. प्यायला लोक गोड पाण्याचे कॅन घेतात, बाकी सगळं बोअरवर. निशीच्या पोटऱ्यांवर इथल्या पाण्यानं कोरडे चट्टे उठले, तेव्हा पूनमनं एक मलमाची ट्यूब मागवली. झाडपाल्याची होती, वर बदामाचं आणि हिरव्या पानांचं चित्र, आणि खाली लिहिलेलं, 'बाळासाठी आणि सगळ्या कुटुंबासाठी'.

भाऊंनी ते वाचलं. चष्मा लावून वाचलं. आणि स्वतःशी ठरवलं की कुटुंबात आपणही येतो.

त्यांच्या एका तळहाताला ती अख्खी ट्यूब पुरली नसती. पूनम बिचारी बुचकळ्यात पडली, एवढंसं लेकरू आणि ट्यूब चपटी कशी झाली? मग एका सकाळी गीताबाईनं, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, चहा देता देता नाक वर केलं. "अवो, तुमच्या आंगाले लेकराचा वास काऊन येऊन राह्यला?" भाऊ चहा तसाच ठेवून शेताकडे निघून गेले. हसून हसून माझ्या हातची शिवण वाकडी झाली.

दुपारी ते माझ्या ओसरीवर आले. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "जयमालाबाई, तो गुलाबी कपडा उरला का थोडासाक?"

मी चिंधी काढून दिली. त्यांनी ती मांडीवर पसरली आणि तिच्यावरून अलगद हात फिरवला. चरचर आवाज झाला, चिंधी हाताला चिकटून वर आली. त्यांनी ती सोडवली, घडी करून मला परत दिली. एवढा दांडगा माणूस, पण चेहरा असा झाला की मला मशीन थांबवावी लागली.

"काय झालं भाऊ?"

"काही नाही. संक्रांतीले व्याही येऊन राह्यले, पूनमले न् पोरीले न्याले. पहिलं वाण माहेरचं. मंग होळी होईलोक ते तिकडंच." त्यांनी हात उलटसुलट करून बघितले. "माहा आवाज ओळखते ती. हात नाही ओळखत. जायच्या आंधी एकदा घ्याव म्हटलं."

मी चटकन रडणारी बाई नाही. पण त्या वेळी मी उगाच तेलाची पिचकारी घेऊन मशीनला तेल घालत बसले.

मग त्यांनाच आठवलं. त्यांची आई मनकर्णाबाई थंडीत तूप धुवायची. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, वर पाणी ओतायचं, तळहातानं घोळत राहायचं, पाणी फेकायचं, पुन्हा नवं ओतायचं. हात भरून येईपर्यंत हेच. तुपाचा वास जातो, रंग जातो, आणि ताज्या लोण्यासारखं पांढरंशुभ्र, हलकं मलम तयार होतं. फुटलेल्या टाचा, भाजलेलं, लेकरांचं अंग, सगळ्यांना तेच लावायचं. परात अजून माळ्यावर होती. तुपासाठी अर्थात मी होते, माझ्याकडे गाय आहे.

"पण गीताले सांगू नका," त्यांनी बजावलं. "हसन ते. म्हणन, या वयात मलम लावून राह्यला मिशीवाला."

तसं ती हसलीच असती. म्हणून हा सगळा कारखाना माझ्या ओसरीवर निघाला. दुपारी गीताबाई आणि पूनम निशीला घेऊन लवंडल्या की भाऊ परात घेऊन यायचे, मागच्या ड्रममधून बादली भरून आणायचे आणि भिंतीला पाठ लावून तूप घोळत बसायचे. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका विचारायच्या, भाऊ काय करून राह्यले? मी सांगायची, नवस आहे त्यांचा. बायका हात जोडून जायच्या.

तयार झालेलं मलम मी माझ्या स्टीलच्या डब्यात भरून दिलं. ते रात्री सगळे झोपले की लावायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर खुशीत म्हणाले, "लय झोंबते. म्हंजे लागू पडून राह्यलं." मीही मान हलवली. औषध झोंबलं की आपल्याला बरं वाटतं, ही आपली जुनी खोड आहे. पण सॅटिनची चिंधी काही मानायला तयार नव्हती. रोज दुपारी चरचर वाजायची, उलट जरा जास्तच.

संक्रांतीच्या आधी पूनमचे वडील ज्ञानेश्वरराव स्वतःची गाडी घेऊन आले. बोलका माणूस, जेवणाचा शौकीन. दुसऱ्या दिवशी लेक आणि नात घेऊन निघायचं होतं. गीताबाईनं व्याह्यांसाठी कळण्याच्या भाकरी थापल्या, वांग्याचं भरीत केलं, मिरचीचा ठेचा केला. मी ओसरीवर हेमशिलाई करत होते, आणि अंगणातच पंगत बसल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. यात माझा काय दोष?

"वा वा वा!" ज्ञानेश्वरराव म्हणाले. "विहीणबाई, लोणी काय जमलंय! अन् मीठ घालून ठेवायची ही पद्धत भारीय. आमच्याकडं नाही असं. द्या अजून एक गोळा."

गीताबाईनं दिला. मग भिंतीकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "जयमाला, लोण्यात मीठ काऊन टाकलं वं यंदा? पण पाव्हण्याले आवडलं बरं!"

"कोणतं लोणी?" मी विचारलं.

"हेच, तू पाठवलेलं! रांजणापाशी होतं गारव्याले. तुह्या नावाचा डबा."

आमच्याकडे प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं असतं, म्हणजे देण्याघेण्यात भांडण नको. डब्यावर ठळक अक्षरात 'जयमाला' होतं, आत पांढरंशुभ्र काहीतरी होतं, आणि गाय माझ्याकडे आहे. गीताबाईनं दुसरं काय समजावं? मी भिंतीवरून बघितलं. व्याह्यांच्या ताटात भाकरीवर भाऊंच्या तळहाताचं मलम वितळत होतं. आणि भाऊ हातात घास धरून बसले होते, तोंड उघडं, मिशा खाली.

"ते लोणी नव्हे," एवढंच तोंडातून निघालं. "धुतलेलं तूप आहे. लावायचं."

ज्ञानेश्वररावांनी ताट पुढे ढकललं. "धुतलेलं तूप? अहो, ते खाल्लं तर इख असतं म्हणत्यात!"

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. गीताबाई डोक्याला हात लावून "अग बाप्पा, अग बाप्पा" करायला लागली. भाऊंचा मुलगा सागर, तो हुशार, त्यानं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर पलीकडून म्हणाले, तूपच आहे ना? मग काही होत नाही, ताक प्यायला द्या. ताक आलं. ज्ञानेश्वररावांनी ते पिऊन पोटावर हात फिरवला, जरा वाट पाहिली आणि काही होत नाही असं दिसल्यावर त्यांना शोध लावायची हुक्की आली.

"पण मीठ कसं आलं त्यात?"

तेव्हा सगळ्यांच्या आधी मला उमगलं, आणि मी कपाळावर हात मारला. भाऊंनी तूप धुतलं होतं बोअरच्या पाण्यानं. इथल्या माणसाच्या जिभेला त्या पाण्याचा खारेपणा कळत नाही. जन्मापासून तेच नाकातोंडात गेलेलं. पितळेची भांडी ज्या पाण्यानं पांढरी पडतात, त्या पाण्यात घोळून घोळून भाऊंनी रोज फुटलेल्या हातांना मीठ चोळलं होतं. झोंबणार नाही तर काय!

"लावायचं होतं तं कोणासाठी?" गीताबाई माझ्याकडे बघत होती. डब्यावर माझंच नाव.

"माझ्या टाचांसाठी," मी ठोकून दिलं. शब्द दिला होता ना.

"तुह्या टाचांचं मलम माह्या रांजणापाशी काय करून राह्यलं होतं?"

तेवढ्यात भाऊंनी हातातला घास ताटात ठेवला.

"राहू द्या जयमालाबाई," ते म्हणाले. मग कुणाकडेच न बघता, "माहं होतं ते. निशीले माहे हात लागतात म्हणून. जरा नीट करून राह्यलो होतो. ती जायच्या आंधी एकदा घेतो म्हटलं."

गीताबाई हसेल अशी त्यांना भीती होती. ती हसली नाही. ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली, इतकी वर्षं रोज भाकर वाढूनही ते हात पहिल्यांदाच दिसल्यासारखी.

"तिला हात लागतात?" पूनम म्हणाली. "कोण म्हणालं असं?"

तिला आठवतही नव्हतं. आठवलं, तशी तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बाबा, ते मी घाईत म्हणाले हो. तुम्ही तेव्हापासून तिला घेतलंच नाही? माझ्या लक्षातच कसं नाही आलं?" ती उठली, पाळण्यातून निशीला काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "घ्या बरं."

भाऊंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नाही, नाही. अजून नाही झाले."

पूनम मोठी जिद्दीची पोर. तिनं निशीला सागरकडे दिलं आणि सासऱ्यांचा हात धरून पुढे ओढला. भेगांमध्ये मिठाचा पांढरा थर बसला होता, कडा लाल झाल्या होत्या. तिनं दुसराही हात ओढून बघितला. मग सागरला म्हणाली, "कॅनचं पाणी आणा. सगळं आणा. अन् जयमालाताई, तूप आहे का?"

माझ्या तुपाचं काय होतंय याची कुणालाच फिकीर नव्हती, ते जाऊ द्या. दिलं मी. अंगणात परात मांडली. आधी भाऊंचे हात गोड कोमट पाण्यानं धुतले. मग तूप घोळायला गीताबाई बसली, पाणी ओतायला पूनम, आणि सूचना द्यायला ज्ञानेश्वरराव. मधूनमधून ते बोट बुडवून चाखायचे आणि सांगायचे, "आता नाही खारट." शेवटी गीताबाईनं त्यांच्या हातावर चापट मारायची तेवढी बाकी ठेवली. पांढरं, फुलासारखं हलकं मलम तयार झालं. पूनमनं आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघितलं, मग सासऱ्यांच्या भेगांमध्ये भरलं.

"उद्या सकाळलोक होतीन का नीट?" भाऊंनी विचारलं.

"नाही होणार," पूनम म्हणाली. "पण बाबा, आधी हात मऊ करायचे अन् मग लेकरू घ्यायचं, असं नसतं. रोज लेकराला लावत गेलं की हात होतात मऊ. आईंचे बघा."

सगळ्यांनी गीताबाईच्या हातांकडे बघितलं. ती त्याच शेतात निंदते, त्याच पाण्यानं भांडी घासते. पण दिवाळीपासून रोज सकाळी निशीचं अंग तीच चोळते. तिनं लाजून हात पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात अंगणात सतरंजी टाकली. व्याह्यांची गाडी दाराशी सामान भरून उभी होती. भाऊ बायकांसारखे पाय लांब करून बसले, आणि पूनमनं उघड्या निशीला त्यांच्या पोटऱ्यांवर निजवलं. पुरुषमाणूस असा बसलेला आमच्या गल्लीनं कधी बघितला नव्हता. भिंतीपलीकडे मी उभीच होते, त्या दिवशी दोरा ओवायचं सोंगही केलं नाही.

भाऊंनी डब्यातून मलम घेतलं. भरपूर घेतलं, इतकं की तळहात दिसेनासा झाला. मग तो हात निशीच्या पोटावर ठेवला आणि तिथेच थांबले. श्वाससुद्धा घेत नव्हते. निशीनं नाक मुरडलं, ओठ बाहेर काढले. पूनम पुढे झुकली.

निशी शिंकली.

आणि मग आजोबांकडे बघून बोळकं पसरून हसली. "चोळा आता," गीताबाई म्हणाली, "नुस्ते ठेवून काय राह्यले?" भाऊंनी हात फिरवायला सुरुवात केली. पोट, छाती, दंड, पोटऱ्यांवरचे चट्टे. चिखलातून मोटर ओढणारे ते हात इतके सावकाश फिरत होते की मलम अंगात मुरायच्या आधी ऊन सतरंजीच्या टोकाला पोचलं. पायाची बोटं त्यांनी एकेक करून चोळली. निशीनं त्यांचा अंगठा धरला, तोंडात घालायला बघितला आणि जमेना म्हणून तसाच मुठीत ठेवला. भाऊ रडत होते. मिशीवरून पाणी ओघळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. सगळ्यांदेखत रडत होते, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला.

चोळता चोळता ती झोपली. पूनमनं तिला दुपट्यात गुंडाळलं आणि भाऊंच्या हातांत दिलं. दोन्ही तळव्यांत मिळून ती मावली.

तेवढ्यात शेताच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं आणि सागरनं हाक दिली, "बाबा, लाईन आली!"

शेताची लाईन, म्हणजे वीज, आमच्याकडे कधी येईल आणि किती वेळ राहील, कुणी सांगू शकत नाही. ती आली की भाऊ भरल्या ताटावरून उठून मोटर लावायला पळतात. पोराच्या लग्नात अंगावर हळद घेऊन पळाले होते, माझ्यासमोर. त्या दिवशी तर मिरची पाण्यासाठी सुकत चालली होती. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. ते जागचे हलले नाहीत. आवाजसुद्धा चढवला नाही, निशी जागी होईल म्हणून.

"मोटर तूच लाव बे," ते सागरला म्हणाले. "माहे हात रिकामे नाहीत."

सागर चपला घालून शेताकडे पळाला. ज्ञानेश्वररावांनी गाडीची किल्ली खिशात टाकली, सतरंजीच्या कडेला बसले आणि गीताबाईला म्हणाले, चहा टाका, दुपारून निघू.